मेंढीकोटाला जागा

सुचेताबाई चौबळांनी विरंगुळा केंद्र काढायचं ठरवलं तेव्हा समाजसेवा त्यांच्या स्वप्नातही नव्हती. त्यांना पत्ते खेळायला जागा हवी होती, इतकंच. पण पिकल्या केसांच्या चार माणसांनी पत्त्यांसाठी जागा मागितली की लोक त्यांच्याकडे अड्ड्यावरून पकडून आणल्यासारखे बघतात, आणि त्याच चौघांनी 'केंद्र' काढतोय म्हटलं की बसायला खुर्ची देतात. सुचेताबाईंची सगळी नोकरी सरकारी कचेरीत, आवक-जावकच्या टेबलावर झालेली. कुठल्या मागणीला कुठला शब्द जोडला की ती पुढे सरकते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

खेळ मेंढीकोटाचा. दोघादोघांच्या जोड्या, चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, त्या ओढायच्या; चारही एकाच जोडीला गेल्या की समोरच्यांवर कोट. सुचेताबाईंची जोडीदार शकूबाई, मूळची चौक गावची कोळीण. सगळं आयुष्य तिने उत्तनच्या बाजूला समुद्राच्या वाऱ्यावर काढलं आणि आता लेकाने मीरा रोडच्या शांती नगरात घेतलेल्या फ्लॅटमध्ये बसून ती खिडकीच्या सरकत्या काचांना शिव्या घालत असते. समोरच्या जोडीत पहिल्या मजल्यावरच्या जागृतीबेन, ज्या हरल्या की पानं पुन्हा मोजायला लावतात, आणि दाजी. दाजींचं खरं नाव सोसायटीत कोणालाही ठाऊक नाही. ते निवृत्त ड्रायव्हर आहेत आणि हातात हुकमाचा एक्का आला की घरात कोणी अत्यवस्थ असल्यासारखा चेहरा करतात, त्यामुळे एक्का कुठे आहे हे सगळ्यांना लगेच कळतं.

ही चौकडी घराघरांतून फिरली आणि एकेका घरातून सन्मानाने बाहेर पडली. सुचेताबाईंचा मुलगा निकेत घरूनच ऑफिस करतो, आणि त्याच्या साहेबाने एकदा इंग्रजीत काही गंभीर सांगत असताना मागून शकूबाईचं "मार ती मेंढी, बघतेस काय" स्पष्ट ऐकलं. जागृतीबेनकडे नातवंडांची ट्यूशन सुरू झाली. दाजींच्या घरात दाजींनाच जागा नव्हती. मग चौघं खाली लिफ्टसमोर बसू लागली, तर तिथे दोन दिवसांत 'लॉबी में बैठना मना है' अशी पाटी लागली. बागेत तशी पाटी आधीपासूनच होती.

आता लोक म्हणतील, नाही खेळले पत्ते तर काय बिघडलं. सुचेताबाईंचं बिघडत होतं. यजमान गेल्यापासून सकाळ कशीतरी निघे, रात्रीला टीव्ही असे, पण चारचा चहा एकटीने प्यायचा आणि मग दिवे लागेपर्यंत त्या रिकाम्या कपाकडे बघत बसायचं, हे त्यांना सोसत नसे. हे त्या कोणाला सांगत नसत, कारण सांगितलं की लोक पुस्तक आणून देतात. पत्ते पिसायला घेतले की चारचे सात कधी वाजले ते कळत नसे. जागा गेली आणि ते तीन तास पुन्हा अंगावर येऊ लागले.

सोसायटीच्या गेटाला लागून जनरेटर रूम होती. जनरेटर कधीच भंगारात गेला होता. आत मोडक्या सायकली, कोणाच्या तरी लग्नात उरलेला लाल गालिचा आणि कोणाचा आहे असं कोणीच विचारत नसलेला एक कोरा कमोड होता. सुचेताबाई सेक्रेटरी उत्तमराव पाठारे यांच्याकडे गेल्या. उत्तमराव भला माणूस; फक्त निर्णय घ्यायची वेळ आली की त्यांना विरारला काम निघतं.

"सुचेताताई, कल्पना छान आहे," ते चपला घालत म्हणाले. "पण उद्या कोणी तक्रार केली तर? तुम्ही आधी महापालिकेतून परवानगी आणा. मग सोसायटी आहेच तुमच्या पाठीशी."

बातमी त्यांच्या आधी चौथ्या मजल्यावर, त्यांच्या घरी पोचली होती. दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं योगा ठेवा, कोणी म्हणालं भजनाला एक पेटी घ्या. समोरच्या विंगमधल्या गृहस्थांनी हास्य क्लब सुचवला आणि कारण नसताना कसं हसायचं ते जिन्यातच हसून दाखवलं. "आम्ही कारण असताना भांडतो," सुचेताबाई म्हणाल्या, "तेच बरं वाटतं." खुद्द निकेतने साखर आणि रक्तदाब तपासायचं मशीन आणून द्यायची तयारी दाखवली. सून अनुष्का गोड मुलगी, पण तीही म्हणाली, "आई, तिथे लहान मुलांसाठी संस्कार वर्ग घ्याल का? तुमचा वेळही सत्कारणी लागेल."

"माझा वेळ माझ्यापाशी राहू दे," सुचेताबाई म्हणाल्या. "आणि शुगर माझी चांगली आहे. मला याहून बरं व्हायचं नाहीये."

साठी उलटलेल्या माणसाने नुसतं बसावं हे कोणाला बघवतच नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. मूल खेळलं तर त्याची वाढ होते, तरुण खेळला तर त्याचं मन मोकळं होतं, आणि म्हातारा खेळला तर त्याला काहीतरी शिबिर भरवून द्यावं लागतं.

महापालिकेत त्यांना या खात्यातून त्या खात्यात पाठवण्यात आलं, आणि अखेर एका तरुण कारकुनासमोर त्या बसल्या.

"तुमचा ज्येष्ठ नागरिक संघ नोंदलेला आहे?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग आधी नोंदणी करा. नोंदणीला केंद्राचा पत्ता लागेल."

"केंद्र अजून मिळालेलं नाही."

"ते नोंदणी झाली की मिळेल ना, मॅडम."

सुचेताबाईंच्या मनात त्या मुलाबद्दल क्षणभर आदर दाटून आला. इतकं स्वच्छ गोल काम त्यांनी स्वतःच्या कचेरीतही क्वचित पाहिलं होतं. त्या हलल्या नाहीत. समोर बसून राहणाऱ्या माणसाचं काय करायचं हे नियमात लिहिलेलं नसतं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "बरं, उपक्रम काय राबवणार?"

"बसणार."

"बसून?"

"मेंढीकोट खेळणार."

त्याने पेन खाली ठेवलं. "असं नाही लिहिता येत. योग लिहा, प्रबोधन लिहा. सगळे तेच लिहितात."

"आणि करतात काय?"

"ते आम्ही विचारत नाही."

"पण मला विचारलंत तर मी खरं सांगेन, मग तुमचीच पंचाईत होईल," सुचेताबाई म्हणाल्या.

मुलगा सज्जन असावा, किंवा त्याची जेवायची वेळ झाली असावी. त्याने नोंदणीचा रकाना कोरा ठेवून स्वतःच 'बौद्धिक क्रीडा' असं लिहिलं आणि साहेब पाहणीला येतील, जागा प्रसन्न दिसली पाहिजे, एवढं बजावून त्यांना वाटेला लावलं.

जागा आतून प्रसन्न करणं सोपं होतं. दाजींनी सायकली भंगारवाल्याला दिल्या, गालिचा झटकून अंथरला. कमोडवर फळी टाकून शकूबाईने चहाचा थर्मास ठेवायची सोय केली. अडचण बाहेर होती. खोलीची रस्त्याकडची भिंत म्हणजे सगळ्या शांती नगरची पिकदाणी. रिक्षा थांबली की पचकन आवाज यायचा, आणि अंधार पडला की त्याहून वाईट उद्योग चालायचे. सुचेताबाईंनी आधी 'येथे थुंकू नये' लिहिलं. लोक त्या अक्षरांवर नेम धरू लागले.

मग त्यांनी सगळे करतात तेच करायचं ठरवलं. देवाच्या टाइल्स. गणपती, साईबाबा, क्रॉस, मक्का, असा हात-दोन हातांवर एकेक बसवला की जिना असो वा भिंत, माणूस तोंडातलं गिळतो. हाटकेशच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये एक टाइलवाला होता, तिथे त्या जागृतीबेनला घेऊन रिक्षाने गेल्या.

"मॅडम, सर्वधर्म सेट खतम है," तो म्हणाला. "पूरे मीरा रोड में वही लग रहा है. एक बडा गणपती पडा है, दो फूट का. पार्टी ने ऑर्डर दिया, लेने नहीं आया. ये ले जाओ, किसी की हिम्मत नहीं होगी."

सुचेताबाईंनी तो घेतला, आणि इथेच त्यांचं चुकलं. बोटभर देवाला लोक बिचकतात. दोन फुटी देवाला लोक भेटायला येतात.

टाइल बसली त्या आठवड्यात भिंत स्वच्छ राहिली. पुढच्या मंगळवारी खाली कोणीतरी जास्वंदीचं फूल ठेवलं. सुचेताबाईंना बरं वाटलं. त्यानंतर दुर्वा आल्या, नारळ आला, मग एक पितळी घंटा टांगली गेली. नेमकं त्याच सुमारास नळाला लागोपाठ दोन दिवस पाणी आलं. कुठेतरी फुटलेली लाइन जोडली गेली होती, पण मीरा-भाईंदरमध्ये दोन दिवस सलग पाणी ही गोष्ट प्लंबरच्या आवाक्यातली आहे यावर कोण विश्वास ठेवणार. अनुष्काने सहज फोटो काढून स्टेटसला टाकला. संकष्टीला गेटापासून मेडिकलच्या दुकानापर्यंत रांग लागली आणि ज्या खोलीत मेंढीकोट व्हायचा तिच्या दारात चपलांचा ढीग पडला. वाट काढत आत शिरलेल्या दाजींना एका बाईने पुजारी समजून नमस्कार केला. दाजींनी घाईत आशीर्वाद देऊन टाकला आणि नंतर दोन दिवस त्यांना त्याची हुरहुर लागून राहिली.

महापालिकेचे साहेब पाहणीला आले ते त्याच संकष्टीला. सुचेताबाई आत गालिच्यावर वाट बघत होत्या. साहेबांनी बूट काढले, रांगेत उभे राहिले, डोळे मिटून बराच वेळ काहीतरी मागितलं, प्रसादाची साखर तोंडात टाकली आणि आत न डोकावताच निघून गेले. नंतर कळलेला त्यांचा शेरा असा होता की सदर जागी मंदिर असल्याने ज्येष्ठांची सोय आपोआप झालेली आहे.

सुचेताबाईंचा खरा अपमान त्यानंतर झाला. लोक येऊन त्यांचं अभिनंदन करू लागले. "तुमच्या हातून देवानेच करून घेतलं हो," असं म्हणत त्यांचे हात हातात घेऊ लागले. विरारचं काम आटोपून उत्तमराव परत आले ते मंदिर समितीचे अध्यक्ष होऊनच. भिंत फोडून गणपती आत घ्यायचा, खोलीचा गाभारा करायचा, खाली संगमरवर, आणि पहिल्या आरतीचा मान सुचेताताईंना, असा त्यांचा बेत होता.

"आणि आम्ही कुठे बसायचं?" सुचेताबाईंनी विचारलं.

"तुम्हीही या की दर्शनाला. कोणी अडवलंय?" उत्तमराव प्रेमाने म्हणाले.

त्या संध्याकाळी सुचेताबाई जेवल्या नाहीत. स्वतःच्या हाताने राखण करायला आणून बसवलेल्या देवाने आपलीच जागा घ्यावी, आणि वर आपण आनंदाने टाळ्या वाजवाव्यात अशी सगळ्यांची अपेक्षा असावी, याचा त्यांना विलक्षण राग आला होता. देवावर त्यांचा राग नव्हता. त्याने काही मागितलं नव्हतं. मागणारी माणसं निराळी होती.

रविवारी सोसायटीची सभा भरली, त्याच खोलीबाहेर, मंडपवाल्याच्या खुर्च्या मांडून. उत्तमरावांनी ठराव वाचला आणि सगळ्यांची संमती आहेच असं गृहीत धरून कागदाची घडी घालायला सुरुवात केली.

सुचेताबाई उभ्या राहिल्या. "मी महापालिकेत गेले ते तुम्ही पाठवलंत म्हणून. खोली सोसायटीची आहे, तेव्हा बोलायचं ते सोसायटीशीच बोलते. हा गणपती बाहेर का बसवला, आठवतंय का कोणाला?"

उत्तमरावांनी कागदाची घडी पुन्हा उलगडली.

"लोक थुंकायचे म्हणून बसवला. तो राखणदार आहे. त्याला उचलून आत नेला तर बाहेर राखायला कोण उभं राहणार? टाइल आत गेली की दोन दिवसांत ही भिंत लाल होईल, आणि अंधार पडल्यावर काय होईल ते तळमजल्यावरच्यांना विचारा. गाभाऱ्याला चिकटून ते चालेल का तुम्हाला?"

तळमजल्यावरच्या दोन-तीन बायकांनी नकळत पदर नाकाला लावला. वासाची आठवण फार जवळची असते. भिंत फोडायचा उत्साह तिथेच निम्मा झाला.

"ठीक आहे, भगवान बाहर रहेगा," मागून एक गृहस्थ म्हणाले. "लेकिन एक दीवार के पीछे पत्ता खेलेंगे? अच्छा दिखता है क्या?"

आता शकूबाई उठली. ती उठली की खुर्चीलाही कळतं. "आमचे गावान गनपती बसला का त्याला एकला ठेवाचा न्हाय. घरान कोन तरी पायजेच. मग जागाचा कसा? पत्ते खेलून. माझा बापूस खेलला, माझा घोव खेलला, गनपतीचे फुड्यान बसून. त्यो कंदी रागावला न्हाय. तुमाला कसा काय राग येतो?"

"एकदम बराबर," जागृतीबेन म्हणाल्या. "आमच्याकडे सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीला, कानुडाचा जन्म होतो, तर पत्ते रमावेच लागतात. नाही खेळले तर सासूबाई ओरडायच्या. भगवानने कोई प्रॉब्लेम नथी, उत्तमभाई."

सभेत हसू पसरलं. दुपारच्या वेळी इथे देवाजवळ कोणीच नसतं, हेही एकाने कबूल केलं. उत्तमरावांनी वारा कुठे वळला ते ओळखलं आणि त्यांना एकदम सुचलं. "मग झालं तर. आपण ठरावात लिहू की हे चौघे रोज दुपारी देवाची सेवा करतील. खोली सेवेकऱ्यांची. पत्ते असतील तर असोत, फक्त कोणी दर्शनाला आलं की जरा गालिच्याखाली सरकवायचे. सगळ्यांचाच मान राहील. काय सुचेताताई?"

शकूबाईने खालून त्यांचा पदर ओढला. "घे बाय. घेऊन टाक."

घेण्यासारखंच होतं ते. एक शब्द जोडला की खोली हातात. आयुष्यभर सुचेताबाईंनी असेच शब्द जोडलेले पाहिले होते, आणि हे 'केंद्र' तरी दुसरं काय होतं. त्यांच्या तोंडात होकार आलाही होता. पण डोळ्यांसमोर आलं, की दर वेळी घंटा वाजली की आपण चौघं, साठी-सत्तरीची माणसं, चोरी केल्यासारखी पानं गालिच्याखाली ढकलतोय.

"नाही," त्या म्हणाल्या. "लपवणार नाही."

"अहो, नावापुरतं."

"नावापुरतंसुद्धा नाही. मी कचेरीच्या उपयोगी पडले, घराच्या पडले, हे अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या पडले. कोणी जुलूम केला नव्हता, मनापासून केलं. आता चार ते सात मला कोणाच्याही उपयोगी पडायचं नाही. देवाच्यासुद्धा नाही. हे गेल्यापासून ते तीन तास मला एकटीला काढवत नाहीत. म्हणून मी खेळते. आरोग्यासाठी नाही, संस्कारासाठी नाही. ठरावात लिहायचं असेल तर 'पत्ते' लिहा. नसेल लिहायचं तर ठराव नको, मी लिफ्टसमोर बसेन, त्या पाटीच्या खाली. मला उचलून न्यावं लागेल."

त्यांचा आवाज शेवटी जरा फाटला आणि त्याचाही त्यांना राग आला. निकेत मागे उभा होता, रविवार असूनही कानात ऑफिस घालून. त्याने कानातलं काढलं. आईच्या तोंडून बाबांबद्दलचं हे वाक्य तो पहिल्यांदाच ऐकत होता, आणि ते ऐकायला त्याला अख्ख्या सोसायटीसोबत खुर्च्यांच्या मागे उभं राहावं लागलं होतं. त्याने हात वर केला. मग अनुष्काने केला. मग हास्य क्लबवाल्या गृहस्थांनी केला, आणि पेटीवाल्यांनी, आणि मागच्या रांगेतल्या अशा कितीतरी माणसांनी, ज्यांचेही तीन तास कुठेतरी अडकून पडले असावेत. उत्तमरावांनी हात मोजले, पुन्हा मोजले, आणि ठरावाच्या कागदावर 'पत्ते' हा शब्द लिहिताना इकडेतिकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जनरेटर रूमचं दार सताड उघडं होतं. गालिच्यावर मेंढीकोट रंगात आला होता, दुसऱ्या कोपऱ्यात हास्य क्लबवाले गृहस्थ रमीत सपाटून हरत होते आणि मुळीच हसत नव्हते. दाजींचा चेहरा पडला होता, म्हणजे एक्का त्यांच्याकडे होता. सुचेताबाईंच्या जोडीकडे तीन मेंढ्या आल्या होत्या आणि चौथीसाठी शकूबाईचे डोळे लकाकत होते.

बाहेर घंटा वाजली. हातात नारळ घेतलेली एक अनोळखी बाई दर्शन आटोपून दारात आली. मुख्य मूर्ती आत असणार असं तिला वाटलं असावं. तिने चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि दबक्या आवाजात विचारलं, "मावशी, आत काय आहे?"

जागृतीबेनचा हात नकळत गालिच्याच्या कडेकडे गेला होता. सुचेताबाईंनी तो मनगटाला धरून परत वर आणला.

"देव बाहेर आहे," त्या म्हणाल्या. "आत आम्ही आहोत."

आणि त्यांनी हुकूम मारला.